पाणी शिरल्यास मालक जबाबदार नाही

मी बिल्डिंगच्या विरोधात नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण गावात माझ्याबद्दल एकच वाक्य फिरतं: "तिला बिल्डिंग नकोत." मला हव्यात. लिफ्ट हवी, नळाला पाणी हवं, पोरांना पडायला मातीचं मैदान हवं, चालत जाता येईल अशी शाळा हवी. फक्त आधी गटार, मग रस्ता, मग मजले, असा क्रम हवा. आमच्याकडे पहिले मजले येतात. मग मजल्यांवर माणसं येतात. मग त्या माणसांना कळतं की रस्ता नाही. गटाराची आठवण सगळ्यात शेवटी होते, तीही गुडघ्यापर्यंत पाणी आल्यावर.

आमचं गाव डोंबिवलीच्या खाडीकडच्या अंगाला आहे. गाव आणि खाडी यांच्या मध्ये सखल भातशेती होती. तिला आम्ही खलाटी म्हणतो. वरच्या भागातलं सगळं पावसाचं पाणी खलाटीत उतरायचं, थांबायचं आणि ओहोटी लागली की बांधातल्या लाकडी दारातून खाडीत जायचं. भरती आली की पाण्याच्या रेट्याने ते दार आपोआप बंद व्हायचं. त्या दाराला उघाडी म्हणतात. पावसाळ्याआधी घरटी एक माणूस उघाडीतला गाळ काढायला जायचा, आणि जो जायचा नाही त्याच्या घरच्या हळदीला बाकीचे जायचे नाहीत. मी लहानपणी ते शेवटचं बघितलेलं. मग शेती बंद झाली. दाराच्या जागी कोणीतरी भरतीला बंद न होणारा सिमेंटचा पाईप टाकला, खलाटीत रात्रंदिवस डेब्रिजचे डंपर रिकामे व्हायला लागले. शेती बंद झाली, पण पाऊस कोणी बंद केला नाही. त्याला अजून तिथेच उतरायचं असतं.

आम्ही शेतकरी होतो, आता मालक आहोत. बाबांनी घराला लागून खाली खोल्यांची चाळ बांधली, वर आम्ही राहतो. खोल्या भाड्याने असतात. मी ठाण्याला वर्तकनगरमध्ये एका प्रेसमध्ये डीटीपी करते. लग्नपत्रिका, बिलबुकं, आणि मुख्य म्हणजे घोडबंदर रोडच्या टॉवरांची ब्रोशर्स. त्यांत मी स्वतःच्या हाताने ढग पांढरे केलेत, तलाव निळे केलेत आणि गेटबाहेरचा पाण्याचा टँकर फोटोतून पुसलाय. प्रूफ दाखवायला जाते तेव्हा बस त्याच गेटासमोर ट्रॅफिकमध्ये उभी असते आणि तिथे टँकर उभा असतो. मी पुसलेला.

कॉलेजात असताना मी एका संघटनेची पत्रकं लिहायचे. तिथे एक गोष्ट पक्की शिकवलेली: पहिल्या ओळीत राग, शेवटच्या ओळीत मागणी, मधलं कोणी वाचत नाही. पुढे बरोबरचे सगळे नोकरीला लागले, कोणी पुण्याला, कोणी बाहेर. ग्रुप अजून आहे. त्यावर वाढदिवसाचे केक येतात.

तर आमच्या भागाचा नवा विकास आराखडा जाहीर झाला. नियोजन कार्यालयात भिंतीवर नकाशा लावलेला. हरकती आणि सूचना द्यायला महिना. मी सुट्टी टाकून बघायला गेलेले. आमची खलाटी पूर्ण पिवळी. पिवळं म्हणजे राहायची वस्ती, हिरवं म्हणजे बांधकामाला बंदी. तिच्यावरून जाड रस्ता. उघाडी नाही, बांध नाही, आणि ज्या नाल्यातून पाणी खलाटीत येतं तो नालाही नाही. नकाशा काढणाऱ्याने नाला पुसला होता, मी टँकर पुसते तसा. मला ते काम किती सोपं असतं ते माहीत आहे.

त्या खलाटीवर भराव पडून इमारती झाल्या तर पाणी कुठे जाईल? आमच्या गावात. वर चढणार नाही ना ते. एवढीच गोष्ट होती, आणि ती मला नकाशावर आणायची होती: नाला दाखवा, खलाटीचा खालचा पट्टा पाण्यासाठी मोकळा ठेवा. बाकी बांधा काय बांधायचं ते.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. बाबा टीव्ही बघत होते.

"बाय, मोकला पट्टा म्हंजे कोनाचा?"

"त्यात आपलाही थोडा येतो."

"म्हंजे आपली जमीन हिरवी. हिरव्या जमिनीला इचारतं कोन?" त्यांनी आवाज वाढवला, टीव्हीचा. विषय संपला.

मी प्रेसमध्ये जेवणाच्या सुट्टीत फॉर्म तयार केला. शिकवल्याप्रमाणे केला. पहिली ओळ: हा आराखडा आम्हाला मान्य नाही! मग रस्ता, कारण रस्त्यात बऱ्याच जणांची घरं जात होती आणि राग तिथे होता. शेवटच्या परिच्छेदात नाला आणि खलाटी. खाली तीन रिकाम्या ओळी: नाव, सर्व्हे नंबर, सही. प्रेसच्या मालकांनी कागद फुकट दिला, वर म्हणाले, "छाप, पण आमच्या बिल्डर पार्टीला दाखवू नकोस."

घरोघरी गेले. लोकांनी पहिली ओळ वाचली आणि सह्या केल्या. शेवटचा परिच्छेद कोणी वाचला नाही, आणि मी वाचून दाखवला नाही. मला माहीत होतं ते रस्त्यासाठी सही करताहेत. मी म्हटलं, चालेल, सही ती सही. काकांनी, म्हणजे बाबांचे चुलतभाऊ आणि गावकीचे मुख्य, त्यांनी स्वतः सही केली आणि आणखी वीस जणांना बोलावून घेतलं. "पोरीनी काम केलंय, मारा रे सह्या!" दोन दिवस मी गावाची लाडकी होते. दोनच दिवस, पण माझ्या आयुष्यातले तसले तेवढेच.

मी आमच्या चाळीच्या दारावरूनही गेले. चार नंबरच्या खोलीतली बाई पोळ्या लाटत होती. जालन्याकडची. सकाळी चार सोसायट्यांत पोळ्या करायची, दुपारी डब्यांच्या. नवरा रिक्षा चालवायचा, मुलगी पाचवीत.

"ताई, सगळ्यायला कागद वाटताय, आम्हाला नाही का?"

"तो जमीनवाल्यांचा आहे. सर्व्हे नंबर लागतो."

"आमच्याकडं मीटर नंबर हाय. चालंल का?"

मी हसले. तीही हसली. मी पुढे गेले.

ते हसणं नंतर मला पुष्कळदा आठवलं.

गावकीची बैठक देवळात होते. बायका जात नाहीत. मी दारात चपलांपाशी उभी राहिले. आत कोणीतरी अखेर शेवटचा परिच्छेद वाचला होता. काका म्हणाले, "ये बाय, ह्ये कय लिवलंय? खलाटी मोकली ठेवा? कोनी सांगितलं तुना?" एक तरुण, माझ्याच वर्गातला, म्हणाला, "काका, तिला बेडकांसाठी जागा पायजे." सगळे हसले. मी दारातूनच बोलले, पाणी, भरती, पाईप, सगळं. पत्रक बोलल्यासारखं बोलले. आतून कोणी उलट बोललं नाही. मला वाटतं ते वाईट. वाद घातला असता तर मी कोणीतरी असते. घरी येईपर्यंत गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मला काढलेलं.

त्यानंतर दुकानात मी गेले की बोलणं थांबायचं. हळदीचं बोलावणं आईबाबांना यायचं, मला नाही. आई म्हणायची, "जा गो, कोनी काही बोलत नाय." खरंच कोणी काही बोलत नव्हतं. प्रेसमध्ये डबा एकटीने, बसमध्ये खिडकी, घरी टीव्ही. मी स्वतःला सांगायचे, बरोबर असलेला माणूस एकटा पडतोच. हे वाक्य मी एका पत्रकात लिहिलेलं. लिहिताना मला ते खूप आवडलेलं.

थंडी सरताना सुनावणी लागली. एक हॉल, टेबलामागे समितीचे चौघे, मध्ये चष्म्यातल्या एक वयस्कर बाई. भिंतीवर तोच नकाशा. समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आमचं गाव. बाबाही आलेले, काकांच्या शेजारी. माझ्या फॉर्मांचे दोन गठ्ठे सुतळीने बांधून टेबलावर होते. इतके जाड की बाजूचा चहाचा कप दिसत नव्हता. मला अभिमान वाटला.

टेबलामागच्या एका साहेबांनी वरचा फॉर्म बघितला, मधला एक उपसला, खालचा बघितला. "मजकूर सारखा आहे. सारख्या मजकुराच्या हरकती एकत्र ऐकल्या जातील. एक हरकत. कोण बोलणार?"

एक. अख्खं गाव मिळून एक. मी छापल्यामुळे एक. प्रत्येकाने आपल्या हाताने, आपल्या चुका करून चार ओळी लिहिल्या असत्या तर तेवढ्या हरकती झाल्या असत्या. मी त्यांच्या तोंडात एकच वाक्य कोंबलं, आणि तेही त्यांचं नव्हतं.

मी उठायच्या आत काका उठले. "साहेब, रस्ता बाजूनी न्या. बाकी आमच्या जमिनी पिवल्या हायत त्या पिवल्याच ऱ्हाऊद्या."

"पण तुमच्या अर्जात खलाटी मोकळी ठेवा असं आहे."

"त्ये पोरीनी लिवलं. आमी सह्या केल्या फक्त."

मी उभी राहिले. बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांची भाषा शुद्ध आणि थंड होती. "आपल्यातच एकमत दिसत नाही. बसा." तीन मिनिटं झाली असतील. गठ्ठे खाली ठेवले गेले. चहाचा कप दिसायला लागला.

मग साहेबांनी एक सुटा कागद उचलला आणि खोली नंबर चारमधल्या बाईचं नाव पुकारलं.

ती मागच्या रांगेत होती. मी तिला बघितलंच नव्हतं. पोळ्यांच्या कामावरून तशीच आलेली, बाहीला पीठ. वहीचा फाडलेला कागद होता, मुलीच्या अक्षरातला. मुलीच्या शाळेला लागणाऱ्या दाखल्यासाठी ती नियोजन कार्यालयाच्याच इमारतीत गेलेली, तिथल्या फळ्यावर तिने वाचलं होतं की कोणतीही व्यक्ती हरकत देऊ शकते. सर्व्हे नंबर लागतो असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. ती अट माझी होती.

चष्म्यातल्या बाईंनी वाचलं आणि विचारलं, "पाणी घरात येतं, म्हणता. किती?"

"गॅसची शेगडी वर उचलून ठिवावी लागती मॅडम. दोन दिवस राहतं. भरती असली तर तीन. आमच्या तिकडं पाणी नाही म्हणून इकडं आलो, अन् इकडं पाणी विचारपूस करायला घरात येतं."

टेबलामागचा एक जण हसला.

"कुठून येतं, ते नकाशावर दाखवू शकाल?"

ती पुढे गेली. नकाशाकडे थोडा वेळ बघितलं, आधी रेल्वेचे रूळ शोधले, मग तिथून बोटाने चालत आली. देऊळ, चाळ, आणि मग पिवळ्यात बोट ठेवलं. "इथून नाला येतो. इथं तो नाही काढलेला. विसरले वाटतं."

"काही पुरावा? फोटो? भिंतीवर पाण्याच्या खुणा?"

"खुणा असत्यात. पण शेठ दिवाळीला रंग मारत्यात." मग पिशवीतून प्लॅस्टिकच्या कव्हरातला कागद काढला. "ह्यात लिव्हलंय बघा."

ते आमचं भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट होतं. अकरा महिन्यांचं. साहेबांनी मोठ्याने वाचलं: "कलम नऊ. पावसाळ्यात खोलीत पाणी शिरल्यास मालक जबाबदार राहणार नाही."

खाली मालक म्हणून बाबांची सही. त्याखाली साक्षीदार. साक्षीदार मी.

मीच टाईप केलेलं. सगळ्या खोल्यांची अ‍ॅग्रीमेंट मीच करते, एकच फाईल, फक्त नाव बदलायचं. कलम नऊ बाबांनी सांगितलं तेव्हा मी विचारही केला नव्हता. गावात पाणी शिरेल, शिरेल म्हणून मी दारोदार ओरडत होते, आणि ते शिरत होतं. माझ्या जिन्याखाली. दरवर्षी. ते आम्हाला माहीत होतं इतकं की त्यावर कलम होतं. मी पहिल्या मजल्यावर राहते. चतुर्थीच्या आसपास खालून बादल्यांचे आवाज येतात, ते मला पावसाचाच भाग वाटायचे.

बाईंनी अ‍ॅग्रीमेंटची झेरॉक्स घ्यायला सांगितलं. मग विचारलं, "मालक आले आहेत का?"

बाबा उठले नाहीत. मी पण उठले नाही. काका छताच्या पंख्याकडे बघत होते. बाईंनी दोन-तीन सेकंद वाट बघितली आणि पुढचं नाव घेतलं.

बाहेर आल्यावर मी तिला गाठलं. "मला सांगायचं ना, मी व्यवस्थित लिहून दिलं असतं."

"तुम्ही बिझी होता ताई," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. असता तर बरं झालं असतं.

बाबा तिला एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी तिला काढलंही नाही. अकरा महिने संपले, आणि त्यांनी पुढचं अ‍ॅग्रीमेंट केलं नाही, एवढंच. मी भांडले. बाबा म्हणाले, "मना गावात ऱ्हायचंय. तुना पन." मे महिन्यात टेम्पो आला. पोलपाट, पलंग, मुलीचं दप्तर. मुलगी मला टाटा करत होती, कारण तिला काही माहीत नव्हतं.

आठवड्याने बाबा म्हणाले, "बाय, चार नंबरला नवीन पार्टी हाय. अ‍ॅग्रीमेंट कर. त्यातलं ते पान्याचं कलम काढ."

"का?"

"कशाला उगाच लिवायचं."

मी कलम नऊ काढलं. त्या जागी लिहिलं: सदर खोलीत पावसाळ्यात पाणी शिरते, याची मालकाने पूर्ण कल्पना दिली आहे. प्रिंट त्यांच्या हातात दिली. बाबा ओळीखाली बोट धरून वाचतात. त्या ओळीवर बोट बराच वेळ थांबलं. मग त्यांनी कागदाची घडी घातली आणि देवाच्या फळीवर पंचांगाखाली ठेवली. दुसरीकडून टाईप करून आणता आलं असतं, नाक्यावर दोन दुकानं आहेत. त्यांनी आणलं नाही. का, ते मला कळलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. खोली रिकामी राहिली.

जूनमध्ये समितीचा अहवाल लागला. आमच्या गठ्ठ्यांपुढे एक शब्द: अमान्य. तिच्या कागदापुढे चार ओळी. नाला नकाशावर दाखवावा, त्याच्या दोन्ही बाजूंना बांधकाम सोडावं, खलाटीच्या खालच्या पट्ट्याची जागेवर पाहणी करून निर्णय घ्यावा, बदललेला भाग पुन्हा हरकतींसाठी जाहीर करावा. मी त्या पानाची झेरॉक्स काढून कोपर स्टेशनाकडे गेले. ती तिथे तिसऱ्या मजल्यावर राहायला गेलेली, पायऱ्या उंच, जिन्यात अंधार. कणकेच्या हातानेच तिने कागद धरला.

"म्हंजी जिंकलो का ताई?"

"अर्धं. नाला आला. पट्ट्याचं बाकी आहे. परत हरकती घेतील. तुम्ही परत द्याल?"

तिने कागद मला परत दिला, कडेला पिठाचे ठसे. "आता मी तिथं राहत नाही ना. खोटं कसं लिहू?" मग म्हणाली, "चहा ठिवते, बसा." मी बसले. तिला पाच वाजता एका सोसायटीत जायचं होतं. मी चहा पटकन प्यायले.

श्रावणात एके दुपारी उधाणाची भरती आणि वर पाऊस असं दोन्ही एकत्र आलं. मी घरी होते. चार नंबरची किल्ली घेतली आणि खाली गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी पाणी यायच्या आधी त्या खोलीत होते. रिकामी खोली, भिंतीवर बाबांचा पिवळट रंग, खिळ्याला लटकलेला एक विसरलेला रिबिनीचा तुकडा.

मी दाराकडे बघत बसले. फॉर्ममध्ये मी लिहिलेलं, पाणी दारातून घरात घुसेल. ते दारातून आलंच नाही. कोपऱ्यातल्या मोरीच्या भोकातून वर आलं. आवाज नाही, लाट नाही. आधी भोकाभोवती काळं वर्तुळ झालं, मग मोरीचा कठडा ओलांडून ते फरशीवर सपाट पसरलं आणि माझ्या पायांपाशी आलं. गार होतं. दार बंद करून, उंबऱ्याला पोती लावून याचं काहीही होणार नव्हतं. इतकी साधी गोष्ट, आणि मला माहीत नव्हती. इतकी पत्रकं लिहून.

मी वही आणलेली. उभ्या उभ्या लिहायला लागले, हाताने. पाणी मोरीतून येते. दुपारी येते. शेगडी वर उचलावी लागते. उद्गारचिन्ह घातलं नाही. अर्जदाराच्या ओळीत मालकाची मुलगी असं लिहिलं, तसंच ठेवलं.

पाणी घोट्याच्या वर आलं तेव्हा जिन्यावरून बाबांचा आवाज आला.

"बाय! खाली कय करतंस?"

"पाणी बघतेय."

"पान्यात कय बघाचं? दर वरशी येतं."

मी दारात गेले. ते जिन्याच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर उभे होते, पायजमा हाताने वर धरून.

"बाबा, एवढंच वाक्य लिहून द्याल? तुमच्या हाताने?"

बाबांनी वहीकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं. पाणी त्यांच्या पायरीला लागलं तसे ते एक पायरी वर सरकले. थोड्या वेळाने आणखी एक. मग त्यांच्या पायांचा आवाज वरच्या मजल्यावर गेला, आणि टीव्ही सुरू झाला. वहीचं पान मी छातीशी धरून तिथेच उभी राहिले, कारण बाहेर पाऊस होता आणि कोरडी जागा फक्त वर, बाबांच्या टीव्हीपाशी होती.